आईवडिलांना अमेरिकेत नेताना: दोन अर्ज आणि एक द्राक्षबाग

हे प्रकरण एका मराठी कुटुंबाचे आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. प्रक्रिया, शुल्क आणि नियम त्या-त्या वेळचे आहेत. शुल्क दर एक-दोन वर्षांनी बदलते, म्हणून आकडे त्या सालापुरते धरावेत.

पार्श्वभूमी

कुटुंब सांगली जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातले. वडिलांचा जन्म १९५७ चा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त, निवृत्तिवेतन चालू, शिवाय दोन एकर द्राक्षबाग. आईचा जन्म १९६२ चा, गृहिणी. मुलगा १९८७ चा, न्यू जर्सीत नोकरीला, बायको आणि दोन मुले तिथेच. धाकटी बहीण १९९६ ची, पुण्यात नोकरी, अविवाहित. तिच्यासाठी स्थळे बघणे चालू होते.

आईवडिलांकडे २०१८ मध्ये मिळालेला दहा वर्षांचा बी-१/बी-२ व्हिजिटर व्हिसा होता. दोनदा जाऊन आले होते, दोन्ही वेळा सहा महिन्यांच्या आत परतले होते. मुलगा ग्रीन कार्डवर होता तोवर तो आईवडिलांसाठी काहीच करू शकत नव्हता. ग्रीन कार्डधारकाला पती-पत्नी आणि अविवाहित मुलांसाठी अर्ज करता येतो, आईवडिलांसाठी नाही. त्यासाठी अर्जदार अमेरिकेचा नागरिक आणि वयाने किमान २१ वर्षांचा लागतो. २०२३ च्या सुरुवातीला मुलगा नागरिक झाला आणि घरात विषय निघाला.

नेमका प्रश्न

मुलाच्या मनात प्रश्न सरळ होता: आईबाबांना कायमचे आणायचे. आईचीही तयारी होती. नातवंडे लहान, सून नोकरीला, गावाकडे आईच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता. वडील "येऊ की" म्हणत होते, पण त्यांच्या मनात येणे म्हणजे उन्हाळ्यात येणे आणि फळछाटणीच्या आधी परतणे. हा फरक पहिल्या सहा महिन्यांत कोणीच उघडपणे मांडला नाही. पुढच्या बहुतेक अडचणी तिथून निघाल्या.

विचारात घेतलेले पर्याय

*व्हिजिटर व्हिसावरच चालू ठेवणे.* व्हिसा २०२८ पर्यंत होता. दर भेटीला विमानतळावरचा अधिकारी किती दिवस राहू द्यायचे ते ठरवतो, सहसा सहा महिने. ही तारीख आय-९४ या प्रवेशनोंदीवर असते आणि तीच खरी मुदत. व्हिसावर २०२८ लिहिले आहे म्हणून तोवर राहता येत नाही. मुदतीपेक्षा १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडल्यास तीन वर्षे आणि एक वर्ष वा अधिक राहिल्यास दहा वर्षे प्रवेशबंदी लागू शकते. दोन भेटींमध्ये किती अंतर हवे असा लेखी नियम नाही, पण सहा महिने तिथे आणि दोन महिने इथे असा क्रम दिसला की अधिकारी "तुम्ही इथेच राहता" असे धरतो. या पर्यायात खर्च कमी आणि भारतातले काहीच हलवावे लागत नाही. कमजोर बाजू आरोग्य विम्याची. प्रवासी विम्यात आधीपासूनचे आजार बहुधा वगळलेले असतात किंवा फक्त अचानक बळावल्यास मर्यादित रक्कम मिळते.

*व्हिजिटर म्हणून जाऊन तिथेच ग्रीन कार्डचा अर्ज करणे.* ओळखीत दोघांनी हे केले होते, म्हणून सल्ला आलाच. नागरिकाच्या आईवडिलांना कायद्याने अमेरिकेतूनच आय-४८५ भरता येतो. पण व्हिजिटर म्हणून आत येताना मनात तोच बेत असेल, तर ती अधिकाऱ्याची दिशाभूल ठरते आणि त्यासाठी आयुष्यभराची प्रवेशबंदी लागू शकते. शिवाय अर्ज चालू असताना आगाऊ परवानगीशिवाय देश सोडला तर अर्ज मोडीत निघतो. वडिलांना बागेसाठी कधीही परतावे लागले असते, म्हणून हा पर्याय लगेच बाद झाला. इथे निर्णय बरोबर होता.

*आय-१३० (नातेवाइकासाठीचा अर्ज) भरून मुंबईतून इमिग्रंट व्हिसा (आयआर-५).* या वर्गाला वार्षिक कोटा नाही, म्हणजे व्हिसा बुलेटिनच्या (कुठल्या अर्जांचा नंबर आला ते सांगणाऱ्या मासिक तक्त्याच्या) रांगेत थांबावे लागत नाही. तरी कागदोपत्री प्रक्रियेला दीड-दोन वर्षे धरून चालावे. प्रत्येक पालकाचा अर्ज वेगळा, शुल्क वेगळे, केस क्रमांक वेगळा. अनेक कुटुंबे एकच अर्ज भरून "आईसोबत बाबा येतील" असे गृहीत धरतात. या वर्गात अवलंबित नसतात, त्यामुळे धाकटी बहीणही सोबत येऊ शकत नव्हती.

*बहिणीचा वेगळा विचार.* भावाने बहिणीसाठी अर्ज केला तर तो एफ-४ वर्ग. २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये भारतासाठी या वर्गात २००६ मधल्या अर्जांचे नंबर चालू होते. आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळाल्यावर त्यांनी अर्ज केला तर एफ-२बी, ज्यात २०१६ मधल्या अर्जांवर काम चालू होते. पण एफ-२बी फक्त अविवाहित मुलामुलींसाठी आहे. लग्न झाले की तो अर्ज आपोआप रद्द. ज्या घरात स्थळे येत आहेत तिथे या वर्गावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. एफ-४ चा अर्ज नुसता भरून ठेवावा का, यावरही बोलणे झाले. बहीण परदेशी उच्चशिक्षणाचा विचार करत होती, आणि असा अर्ज भरलेला असला की पुढे विद्यार्थी किंवा व्हिजिटर व्हिसाच्या फॉर्ममध्ये तो जाहीर करावा लागतो आणि परत येण्याच्या हेतूवर शंका घेतली जाते. म्हणून तो पुढे ढकलला.

मे २०२३ मध्ये दोन्ही पालकांसाठी ऑनलाइन आय-१३० भरला. शुल्क तेव्हा प्रत्येकी ५३५ डॉलर होते. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन ६२५ आणि कागदी ६७५ झाले.

कागदपत्रे: खरी मेहनत इथे

आईसाठी अर्ज करताना नाते सिद्ध करायला मुलाचा जन्मदाखला पुरतो, त्यावर आईचे नाव हवे. वडिलांसाठी जन्मदाखल्याबरोबर आईवडिलांचा विवाहदाखलाही लागतो. कागदावर हे सोपे दिसते. आपल्याकडच्या त्या पिढीच्या नोंदींसमोर बसल्यावर ते सोपे राहत नाही.

मुलाचा जन्म रिवाजाप्रमाणे आईच्या माहेरी, मिरजेत झाला. दवाखान्यात नाव सांगितले आजीने, म्हणून जन्मनोंदीत आईचे माहेरचे पहिले नाव लागले. लग्नात सासरी नाव बदललेले, पासपोर्ट सासरच्या नावाचा. शिवाय नोंदीत बाळाच्या नावाचा रकाना रिकामा. म्हणजे अधिकाऱ्यासमोर जाणाऱ्या कागदावर ना मुलाचे नाव, ना पासपोर्टमधल्या आईचे.

बाळाचे नाव घालणे तुलनेने सोपे होते. मूळ नियमात यासाठी नोंदणीपासून १५ वर्षांची मर्यादा आहे, पण राज्य सरकार वेळोवेळी मुदतवाढ देते. महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात शाळा सोडल्याचा दाखला आणि पासपोर्टची प्रत जोडून अर्ज केला आणि नाव चढले. आईच्या नावाबाबत दोन मार्ग होते: नोंदच दुरुस्त करून सासरचे नाव घालणे, किंवा नोंद तशीच ठेवून दोन्ही नावे एकाच बाईची आहेत हे दाखवणे. कुटुंबाने दुसरा मार्ग घेतला आणि आमच्या मते तोच योग्य. ३६ वर्षांपूर्वीची नोंद अर्जाच्या दोन महिने आधी बदललेली दिसली की अधिकारी उलट जास्त खोलात जातो. जन्माच्या वेळी लिहिलेले नाव चुकीचे नव्हतेच, फक्त जुने होते.

जोडणी अशी केली: आईच्या माहेरच्या नावाचा शाळा सोडल्याचा दाखला, विवाहदाखल्यात लग्नापूर्वीचे नाव, महाराष्ट्र शासन राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात, आणि मामांचे प्रतिज्ञापत्र. आय-१३० मध्ये "वापरलेली इतर नावे" हा रकाना असतो. त्यात माहेरचे पूर्ण नाव लिहिले. हा रकाना रिकामा सोडणे ही आपल्याकडच्या अर्जांतली फार नेहमीची चूक आहे, कारण भरणाऱ्या मुलाच्या डोक्यात आईचे एकच नाव असते.

आईच्या स्वतःच्या जन्माची नोंद कुठेच नव्हती. इथे उशिरा नोंदणी करून नवा दाखला काढावा असे गावातल्या एजंटने सुचवले. ते टाळले हे बरे झाले. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने गैरप्रकारांच्या तक्रारींवरून असे उशिरा नोंदीचे दाखले देणे थांबवले आणि आधी दिलेल्यांचीही तपासणी लावली. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याआधी जन्मलेल्यांसाठी अमेरिकी दूतावास अनुपलब्धता दाखला आणि दुय्यम पुरावे मान्य करतो. म्हणून नगरपालिकेकडून नोंद नसल्याचा दाखला, शाळेचा दाखला आणि वयाने मोठ्या दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे एवढे दिले. प्रतिज्ञापत्रात "मी ओळखतो" एवढे लिहून भागत नाही. जन्मतारीख, जन्मस्थळ, दोन्ही पालकांची नावे आणि हे आपल्याला कशावरून माहीत, चारही गोष्टी हव्यात.

वडिलांच्या बाबतीत वेगळाच गुंता निघाला. तहसील कार्यालयातल्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, आजोबांच्या नावापुढे मार्च १९५७ मध्ये "मुलगा" एवढीच नोंद होती. शाळेच्या दाखल्यावर आणि पासपोर्टवर तारीख १ जून १९५७. त्या काळी गुरुजी सर्रास १ जून घालत, हे मराठी वाचकाला सांगायला नको, पण मुंबईतल्या व्हिसा अधिकाऱ्याला सांगावे लागते. ही नोंद दडवून अनुपलब्धता दाखला काढणे सोपे होते. कुटुंबाने दोन्ही कागद दिले आणि तारखेतला फरक प्रतिज्ञापत्रात मोकळेपणाने लिहिला. मुलाखतीत त्यावर एकच प्रश्न आला.

मराठी कागदांचे पूर्ण इंग्रजी भाषांतर लागते, शिक्के आणि शेरे यांच्यासकट. भाषांतरकाराने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे असे लिहून सही करायची असते. यूएससीआयएसला (अमेरिकेच्या नागरिकत्व व इमिग्रेशन खात्याला) त्यावर नोटरी लागत नाही.

विवाहदाखला आणि अडकलेला अर्ज

लग्न १९८५ चे, नोंदणी कधीच केली नव्हती. २०२२ मध्येच, नागरिकत्वाची चाहूल लागताच, महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याखाली नमुना ड भरून, तीन साक्षीदार उभे करून दाखला काढला होता. अर्जासोबत तेवढा एकच कागद जोडला.

एप्रिल २०२४ मध्ये वडिलांच्या अर्जावर यूएससीआयएसचे पत्र आले: लग्न १९८५ चे, नोंद २०२२ ची, त्या काळातले पुरावे द्या. मुदत ८४ दिवस. आईच्या अर्जाला विवाहदाखला लागत नसल्याने तो मे २०२४ मध्ये मंजूर झाला. वडिलांचा मागे राहिला.

अशा पत्राला उत्तर एकदाच देता येते. जे आहे ते एका दमात पाठवायचे असते, आज दोन कागद आणि पुढच्या महिन्यात दोन असे चालत नाही. कुटुंबाने लग्नपत्रिका शोधली, रेशनकार्डाची जुनी प्रत काढली, पण सगळ्यात भक्कम पुरावा वडिलांच्या सेवापुस्तिकेत सापडला. १९८७ च्या नामनिर्देशनाच्या पानावर पत्नी म्हणून आईचे सासरचे नाव, नाते आणि वय, खाली तेव्हाच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही आणि शिक्का. सरकारी, जुना आणि व्हिसाशी कसलाही संबंध नसलेल्या कारणासाठी तयार झालेला कागद. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्ज मंजूर झाला.

शिक्षक, एसटी, पोलीस, महावितरण, कुठल्याही सरकारी-निमसरकारी नोकरीतल्या माणसाची सेवापुस्तिका आणि भविष्यनिर्वाह निधीचे नामनिर्देशन आधी बघावे. मुलाच्या शाळेचा दाखला त्यानंतर. लग्नाच्या अल्बमवर तारीख नसते, त्याचे वजन सगळ्यात कमी.

एनव्हीसीचा टप्पा

मंजुरीनंतर केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे (एनव्हीसी) जाते. प्रत्येक केसला ३२५ डॉलर अर्जशुल्क आणि १२० डॉलर आधारपत्राची (पालकांचा आर्थिक भार उचलण्याच्या हमीची) तपासणी. मग डीएस-२६० हा इमिग्रंट व्हिसाचा फॉर्म, आय-८६४ आधारपत्र, मुलाचे करविवरण आणि पालकांचे नागरी कागद ऑनलाइन चढवायचे.

आय-८६४ मध्ये मुलाचे उत्पन्न संघीय दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावे लागते. घरातली माणसे मोजताना मुलगा, सून, दोन नातवंडे आणि दोन पालक असे सहा धरले. २०२४ च्या तक्त्याप्रमाणे सहा जणांसाठी ती रक्कम ५२,४५० डॉलर होती आणि मुलाचे उत्पन्न त्याहून बरेच जास्त होते. बरीच मुले दोन वेगळ्या केसेस असल्याने प्रत्येकीत एकच पालक मोजतात. उत्पन्न काठावर असेल तर हा हिशोब मुलाखतीत उलटू शकतो. या सहीचा अर्थही समजून घ्यावा: पालक नागरिक होईपर्यंत, किंवा कामाच्या ४० तिमाह्या भरेपर्यंत, किंवा त्यांनी देश कायमचा सोडेपर्यंत वा त्यांचा मृत्यू होईपर्यंत ही जबाबदारी सुटत नाही. मुलाचा घटस्फोट झाला, नोकरी गेली, तरी नाही.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा पोर्टलवरून, ५०० रुपये. पासपोर्टवरचा पत्ता जुना होता आणि वडील राहत होते शेतातल्या वस्तीवर, म्हणून पडताळणीला पोलीस दोनदा चुकीच्या घरी गेले. यात महिना गेला.

याच टप्प्यावर एक संधी हुकली. एनव्हीसीत केस वर्षभर काहीच हालचाल न करता ठेवली तर बंद होऊ शकते, पण वर्षाच्या आत लॉगिन करून किंवा संपर्क करून ती जिवंत ठेवता येते. आईची केस पुढे नेऊन वडिलांची इथे थांबवणे शक्य होते. मुलाला ते माहीत होते. दोघे एकत्र मुंबईला जातील, एकदाच सुटी काढता येईल, या सोयीसाठी दोन्ही केसेस सोबतच पुढे नेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्हींची कागदपत्रे पूर्ण ठरली.

वैद्यकीय तपासणी आणि मुलाखत

मुलाखत फेब्रुवारी २०२५ मध्ये, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत. तपासणी त्याआधी, आणि ती फक्त वकिलातीच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. आईची तपासणी एका दिवसात झाली. वडिलांच्या छातीच्या क्ष-किरणात उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला. १९९१ मध्ये त्यांना क्षय झाला होता, गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला होता, पण जुनी फाईल कधीच गेली होती. जुना बरा झालेला डाग असला तरी थुंकी तपासणी टळत नाही. सलग तीन सकाळी नमुने द्यायचे आणि कल्चरचा (जंतू वाढतात का ते पाहणाऱ्या चाचणीचा) निकाल आठ आठवड्यांनी.

मुलाखतीत आईला व्हिसा मंजूर झाला. वडिलांना २२१(जी) चा कागद मिळाला. तो कायमचा नकार नव्हता, वैद्यकीय निकाल येईपर्यंत केस थांबली होती एवढेच. पण घरात दोन दिवस सुतकाचे वातावरण होते, कारण कागदावर "नाकारले" असाच शब्द असतो.

आई मार्चमध्ये एकटी गेली. वडिलांचे कल्चर मार्चअखेर निगेटिव्ह आले आणि एप्रिलमध्ये व्हिसा मिळाला. क्षयाचा असा शेरा असलेल्यांची तपासणी सहाऐवजी तीनच महिने वैध असते आणि व्हिसाची मुदतही तेवढीच आखडते. बागेची एप्रिलमधली खरड छाटणी उरकून मे २०२५ मध्ये ते गेले. प्रवासाआधी प्रत्येकी २३५ डॉलरचे यूएससीआयएस इमिग्रंट शुल्क ऑनलाइन भरले. ते भरल्याशिवाय कार्ड छापले जात नाही. म्हणजे सरकारी शुल्कच माणशी १,२१५ डॉलर, वैद्यकीय तपासणी आणि भारतातला खर्च वेगळा.

पोहोचल्यानंतर: विमा आणि कर

आईचा विमा मुलाने पोहोचल्यापासून ६० दिवसांच्या विशेष मुदतीत न्यू जर्सीच्या राज्य विमा बाजारातून घेतला. ही मुदत चुकली की पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावे लागते. त्यात आधीच्या आजारांवरून नकार देता येत नाही, आईच्या गुडघ्यांसाठी हेच महत्त्वाचे. मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी विमा ६५ व्या वर्षी आपोआप मिळत नाही. तिथे काम न केलेल्या पालकाला ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षे राहिल्यावरच विकत घेता येते. २०२५ च्या दराने भाग ए चे ५१८ आणि भाग बी चे १८५, मिळून महिन्याला ७०३ डॉलर, एका माणसाचे.

कराचा मुद्दा मात्र कोणी आधी काढला नव्हता. ग्रीन कार्डधारकाला जगभरचे उत्पन्न अमेरिकेत दाखवावे लागते. वडिलांचे निवृत्तिवेतन, ठेवींचे व्याज, पीपीएफचे व्याज, सगळे. आणि द्राक्षेही. शेतीचे उत्पन्न भारतात करमुक्त असते, अमेरिकेत नाही. भारतात त्यावर कर भरलेला नसल्याने त्याची वजावटही मिळत नाही, फक्त औषधे, मजुरी, खते असा खर्च वजा होतो. पावत्या ठेवायची सवय नसलेल्या बागायतदाराला हे जड गेले. शिवाय परदेशातल्या सगळ्या खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली तर एफबार नावाची माहिती भरावी लागते. आईवडिलांच्या संयुक्त ठेवी धरता ती रक्कम केव्हाच ओलांडली होती. भारत-अमेरिका कर करारातल्या तरतुदीने "मी भारताचाच रहिवासी" असे करविवरणात म्हणायची वाट आहे, पण त्याने ग्रीन कार्डच धोक्यात येते.

भारताच्या बाजूने आईचे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींचे खाते, करावे लागले. सातबाऱ्यावरचे नाव तसेच राहते. अनिवासी भारतीयाला असलेली शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही.

वडिलांचा निर्णय

ऑगस्टमध्ये विषय टाळता येईना.

"बाबा, सहा महिन्यांत परत यायला हवं," मुलगा म्हणाला.

"मग छाटणी करून माल तसाच झाडावर सोडू?"

हिशोब असा होता: फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, माल जानेवारी ते मार्च, खरड छाटणी एप्रिलमध्ये. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने गावी. ग्रीन कार्डवर सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिले की प्रश्न सुरू होतात. एक वर्षाहून जास्त राहिले की नुसत्या कार्डावर परत येता येत नाही. दरवर्षी आठ महिने बाहेर हा क्रम दिसला, तर प्रत्येक फेरी वर्षाच्या आत असली तरी "इथे राहत नाही" असे ठरू शकते.

तीन मार्ग होते. बाग कसायला देऊन कायमचे राहणे. आय-४०७ भरून कार्ड स्वतःहून परत करणे आणि व्हिजिटर म्हणून येत राहणे. किंवा री-एंट्री परवाना (वर्षाहून जास्त बाहेर राहूनही परत येऊ देणारा) काढून दोन वर्षे वेळ घेणे. वडिलांनी तिसरा घेतला. त्यासाठीचा आय-१३१ चा अर्ज, ६३० डॉलर, जूनमध्येच भरून ठेवला होता, कारण भरताना माणूस अमेरिकेत असावा लागतो. बोटांचे ठसे जुलैत झाले. परवाना हातात यायला वर्षही लागते, पण अर्ज करून आणि ठसे देऊन देश सोडता येतो आणि परवाना परदेशातल्या वकिलातीत मागवता येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ते गावी परतले. नोव्हेंबरमध्ये बँकेत जाऊन निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला नेहमीसारखा स्वतः दिला.

परवान्याने प्रवेश सुकर होतो, पण नागरिकत्वासाठी लागणारा सलग वास त्याने मोजला जात नाही, आणि कराची जबाबदारीही तशीच राहते.

वेगळे काय करता आले असते

सर्वात मोठी गोष्ट: दोन्ही आय-१३० एकदम भरणे ठीक होते, पण वडिलांची केस एनव्हीसीत थांबवायला हवी होती. मंजूर आय-१३० ला घाई नसते. आईचे बस्तान बसेपर्यंत वडील जुन्या व्हिसावर उन्हाळ्यात येऊन गेले असते. मंजूर अर्ज असताना व्हिजिटर म्हणून येताना विमानतळावर प्रश्न होतात हे खरे. पण परतीचे तिकीट, चालू बाग, वेळेत परतल्याच्या दोन जुन्या नोंदी आणि विचारले तर खरे उत्तर, ही तयारी त्यांच्याकडे होती. प्रवेश मिळेलच अशी हमी मात्र कोणी देऊ शकत नाही.

मुलाने पहिल्याच दिवशी वडिलांसमोर बारा महिन्यांची दिनदर्शिका ठेवून कुठला महिना कुठे घालवणार हे लिहून घेतले असते, तर आयआर-५ की बी-२ याचे उत्तर तिथेच मिळाले असते. "तुम्हाला ग्रीन कार्ड हवे का" या प्रश्नाला आपल्याकडचे वडील मुलाचे मन मोडायला नको म्हणून हो म्हणतात.

विवाहदाखला नवा असेल तर जुने पुरावे पत्र येण्याची वाट न बघता पहिल्याच अर्जात घालावेत. इथे चार महिने वाचले असते. कधीही क्षय होऊन गेला असेल तर मुलाखतीच्या सहा-आठ महिने आधी खासगीत छातीचा क्ष-किरण काढून घ्यावा. त्याने थुंकी तपासणी टळत नाही, पण आठ आठवडे आधीच वेळापत्रकात धरता येतात आणि विमानाची तिकिटे वाया जात नाहीत. या कुटुंबाने वडिलांचे मार्चचे तिकीट आधीच काढले होते, ते रद्द करावे लागले.

करसल्लागार व्हिसा लागण्यापूर्वी गाठावा, विवरण भरायच्या वेळी नव्हे. म्युच्युअल फंड असतील तर विशेषच, कारण भारतीय फंडांवर अमेरिकेत वेगळी आणि किचकट आकारणी होते. ते प्रवेशाआधी मोडून मुदत ठेवीत टाकणे बहुतेकांना स्वस्त पडते. इथे वडिलांचे दोन फंड तसेच राहिले, आणि पहिल्या विवरणात सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच खाल्ला.

बहिणीचे लग्न ठरले आहे. एफ-४ चा अर्ज भरायचा की नाही, हे ती आणि तिचा होणारा नवरा ठरवतील. लग्न झालेल्या बहिणीसाठीही तो चालतो, आणि त्यात नवरा आणि २१ वर्षांखालची मुले सोबत येतात.